घागऱ्यांचं गवत

महिपतीच्या गोठ्यात चार जनावरं होती: हरणी गाय, तिची दीड वर्षाची कालवड आणि दोन म्हशी. माघ लागला तेव्हा तीन उरली. कालवडीचं आधी खाणं तुटलं, मग शेण पातळ झालं, मग कातडं बरगड्यांना चिकटलं, आणि एका दुपारी ती पाय ताणून आडवी झाली ती उठलीच नाही. प्लास्टिक गिळलं असेल, कोवळ्या वालावर तोंड टाकलं असेल, दृष्ट लागली असेल, असं ज्यानं त्यानं येऊन सांगितलं. मेलेल्या जनावराच्या पोटात काय होतं ते सांगणाऱ्या तज्ज्ञांचा रोह्याकडच्या गावांत कधी तोटा पडलेला नाही. महिपतीचा गुडघा वर्षभर धरलेला, म्हणून मुलानं, नितेशनं, धाटावच्या कंपनीतून रजा घेऊन बांधाच्या कडेला खड्डा खणला. माती लोटून झाल्यावर महिपतीची बायको शकू दोन दिवस नीट जेवली नाही, पण जनावर गेलं म्हणून कामं थोडीच थांबतात.

पुढच्या सोमवारी सकाळी ती दूध काढायला गोठ्यात शिरली, तर हरणी गव्हाणीकडे पाठ करून उभी होती. कपाळ भिंतीला टेकवलेलं, डोळे अर्धे मिटलेले. शकूनं जीभ वाजवली, मानेखाली खाजवलं, दावं ओढलं. हरणी दोन पावलं मागं आली, जागच्या जागी गोल फिरली आणि पुन्हा जाऊन तिनं कपाळ भिंतीला लावलं. नुसतं लावलं नाही, ती ढकलत होती. चारी पाय रोवून, अंगात होतं नव्हतं ते बळ लावून ती कुडाची भिंत ढकलत होती, आणि भिंतीचे मातीचे पोपडे तिच्या शिंगांवर पडत होते.  शकूनं बादली खाली ठेवून नवऱ्याला हाक मारली.

महिपती काठी टेकत आला. त्यानं हरणीच्या डोळ्याची पापणी अंगठ्यानं वर केली. आतलं पांढरं हळदीचं बोट लागावं तसं पिवळं झालं होतं. कालवडीचंही असंच झालं होतं.

"नितेशला सांग, डाक्टरला निरोप दे म्हणावं," एवढं बोलून तो तिथेच पाटावर बसला.

इतक्यात पडवीतून म्हातारी म्हणाली, "वाजतंय."

म्हातारी म्हणजे इंदुबाई, महिपतीची आई. तीन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा वाचाही गेली. एके काळी अख्ख्या वाडीला धारेवर धरणारी बाई पडवीतल्या खाटेवर गप्प पडून राहिली. दिवाळी झाली आणि काय झालं कोण जाणे, तिला एक शब्द परत आला. "वाजतंय." दिवसातून दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, डोळे मोठे करून, डावा हात हवेत हलवत. काय वाजतंय ते मात्र सांगता येईना. नितेशला वाटलं पंखा वाजतोय. त्यानं तेल घातलं. म्हातारी म्हणाली, वाजतंय. त्यानं पंखा उतरवून रोह्याला नेला, बेअरिंग बदलून आणलं. तरी वाजतंय. मग त्यानं पत्र्याचे खिळे ठोकले, खिडकीला कागद कोंबला, आणि शेवटी महिपतीनं निकाल दिला की म्हातारीच्या कानातच वाजतंय. तेव्हापासून तिच्याकडे कोणी लक्ष देईना. शकूला मात्र त्या शब्दाची भीती वाटे. मरणाऱ्या माणसाला काय काय ऐकू येतं म्हणतात, आणि ही तर गोठ्याकडेच बोट करते, असं तिच्या मनात येई.

तालुक्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीण अकराच्या सुमाराला स्कूटरवरून आली. सुरभी तिचं नाव, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस. तिनं हरणीचं पोट दाबलं, ताप पाहिला, पापण्या उलट्या करून पाहिल्या, कालवडीची सगळी हकिकत विचारून घेतली आणि मग विचारलं, "मावशी, वैरण काय घालता?"

शकूचा चेहरा जरा उजळला. वरच्या माळाचं गवत, असं तिनं सांगितलं. कार्तिकात आठ दिवस एकटीनं कापलं, भारे बांधून डोक्यावरून खाली आणलं, पाऊस लागू दिला नाही की दव लागू दिलं नाही. दोन्ही वेळा तेच घालते. गोठ्यामागे रचलेली गवताची उडवी तिनं अभिमानानं दाखवली आणि डॉक्टरणीला बघायला म्हणून एक भारा जोर करून ओढला.

"वाजतंय," पडवीतून आवाज आला.

डॉक्टरीण थबकली. तिनं शकूच्या हातातून भारा घेतला, त्यातली एक पेंढी सोडवली आणि कानाजवळ धरून हलवली. बारीक, कोरडा आवाज झाला. खुळ्‌खुळ्‌. पडवीत म्हातारी खाटेवरून उठायची धडपड करत होती. तिचा डावा हात जोरजोरानं हलत होता आणि तोंडातून तोच एक शब्द येत होता, पुन्हा पुन्हा, रडल्यासारखा. महिपती उभा राहिला.  तीन महिने दोन्ही वेळा शकू भारे ओढत होती आणि दोन्ही वेळा म्हातारी सांगत होती.

डॉक्टरणीनं पेंढीतून एक जाड काडी उपसली. काडीला काळपट, फुगीर शेंगा होत्या, करंगळीच्या पेरापेक्षा मोठ्या. एक तिनं फोडली. आतून चकचकीत बिया तळहातावर सांडल्या.

"याला काय म्हणता तुम्ही?"

"ताग," शकू म्हणाली. "रानातला."

"घागऱ्या," महिपती हळूच म्हणाला. "त्या घागऱ्या हायत गो."

मग डॉक्टरणीनं पायरीवर बसून समजावलं. ताग आणि हे एकाच कुळातलं, फूलही तसंच पिवळं. पण तागाचं पान लांबट आणि निमुळतं असतं, याचं टोकाशी रुंद आणि मध्ये खाच असलेलं. कुठे याला खुळखुळा म्हणतात, कुठे घागरी. बाहेरून आलेलं नाही, इथलंच आहे, जुनं. हिरवं असताना गुरं त्याला तोंड लावत नाहीत, कडू लागतं. पण गवताबरोबर कापून वाळवलं की त्यांना निवडता येत नाही, चाऱ्याबरोबर पोटात जातं. यकृतावर जातं. आज खाल्लं आणि उद्या मेलं असं हे विष नाही. आठवडे जातात, महिने जातात, जनावर वरून ठणठणीत दिसतं आणि आत सडत असतं.

"औषध?" महिपतीनं विचारलं.

ती मान हलवून नाही म्हणाली. गवत आजपासून बंद करा, सगळं खड्ड्यात घालून पुरती राख होईपर्यंत जाळा, दूध लहान पोरांना देऊ नका. गवताचा नमुना मी तपासायला पाठवते, पण माझ्या मनात शंका नाही.

"थोडंच खाल्लं आसंल तर?" शकूनं विचारलं. 

"किती खाल्लं त्याच्यावर आहे, मावशी. पण किती म्हणजे किती, ते मला सांगता यायचं नाही. पाडव्यापर्यंत तरी धाकधूक राहणारच."

डॉक्टरीण हरणीला सलाईन लावून गेली. शकू मात्र उडवीकडे बघत उभी राहिली. तिला हरणीची काळजी वाटत होती, म्हशींची वाटत होती, पण त्याहून मोठी भीती दुसरीच होती आणि ती तिनं अजून तोंडाबाहेर काढली नव्हती.

शकू इकडची नव्हे. तिचं माहेर पेणच्या पलीकडे, धरमतरच्या खाडीकाठी, खारेपाटात. तिथे बांधापलीकडे पाणी आणि बांधाअलीकडे भातशेत. डोंगर नाही, माळ नाही, गवताची काडी नाही. गुरं भाताच्या पेंढ्यावर जगतात. सत्तावीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन इथे आली तेव्हा तिला भांबुर्डी आणि टाकळा यातला फरक कळत नव्हता, आणि वाडीतल्या बायकांनी ते कधी विसरू दिलं नाही. "खारेपाटीन ती, तिला गवत नि कोथमीर सारखीच," असं इंदुबाईच पाणवठ्यावर सांगायची, आणि बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. शकूही हसायची. हसण्यावारी न्यावं लागतं, नाहीतर सासर कशाला म्हणतात.

त्याच इंदुबाईचा एक शिरस्ता होता. गौरी यायच्या आधी दोन दिवस ती वाडीतल्या साऱ्या बायका घेऊन वरच्या माळावर जायची आणि पिवळ्या फुलांची झाडं मुळासकट उपटून काढायची. "गौर येती त्या वाटंवर घागऱ्या वाजाया नको," एवढंच कारण. पाऊस पडून माती मऊ झालेली, फुलं आलेली, शेंगा धरायच्या बेतात. शकू एकदोनदाच गेली असेल. घरी लहान पोर, मागची कामं, म्हणून तिला खालीच ठेवत, आणि तिलाही ते गौरीच्या हळदीकुंकवासारखंच काहीतरी देवाचं वाटायचं. गुरांशी त्याचा काही संबंध असेल हे ना कोणी सांगितलं ना तिनं विचारलं. पुरुषांना तर घागऱ्या म्हणजे बायकांचं काम, एवढंच ठाऊक. इंदुबाई खाटेला खिळली तशी माळावर जाणारं कोणी उरलं नाही. पोरी धाटावला शिफ्टला जाऊ लागल्या, उरलेल्यांना गौरीची आरास होती. त्यात दोन वर्षांपूर्वी कोणीतरी माळाला वणवा लावला. आगीनं रान साफ होतं असा सगळ्यांचा समज. डॉक्टरीण म्हणाली, या बीचं कवच दगडासारखं असतं, आगीनं ते तडकतं, आणि मग पावसात एकाच्या जागी दहा उगवतात.

कार्तिकात शकू वरच्या माळावर गेली तेव्हा ती कंबरभर झाडं शेंगांनी लगडली होती. तिला आनंद झाला होता. वाल झोडपला की उरणारं भूस म्हशी चाटूनपुसून खातात, दूध वाढतं, हे तिला ठाऊक होतं. शेंगेचं झाड म्हणजे गुरांना खुराक, असा तिनं हिशेब केला. मग विळ्यानं ती झाडं टाळायची सोडून तिनं शोधून शोधून कापली, आणि प्रत्येक पेंढीत थोडी थोडी घातली, सगळ्या गुरांना सारखी मिळावीत म्हणून.

आणि त्यातले वीस भारे तिनं माहेरी पाठवले होते.

पावसाळ्यात उधाणाच्या भरतीला खाडीचा बांध फुटला होता. खारं पाणी शेतात शिरलं, भात कुजलं, पेंढा कुजला. तिच्या धाकट्या भावाची, सख्याची, एक म्हैस. तिच्या दुधावर त्याचं घर. पौषात शकूनं टेम्पो ठरवून वीस भारे लावून दिले. सत्तावीस वर्षं ती माहेराहून तांदूळ, सुकी मच्छी, मीठ आणत होती. तिच्याकडून माहेरी काही गेलं ते हे पहिलंच. टेम्पो गेल्यावर ती उगाच दोनदा अंगण झाडत बसली होती, इतका जीव हलका झाला होता.

संध्याकाळी तिनं मोबाईल हातात घेतला. महिपतीनं विचारलं, कुणाला? तिनं सांगितलं. तो गुडघा चोळत राहिला.

"तपासणी येऊ दे आधी," तो म्हणाला. "उद्या दुसरंच काय निघालं तर? भावाच्या दारात इख धाडलं म्हणून तूच बोंबलत सुटणार काय? माहेरचं दार बंद व्हईल ते येगळंच."

शकूनं मोबाईल खाली ठेवला. नवऱ्याचं ऐकणं तिला इतकं सोपं कधीच गेलं नव्हतं. खरं तर कोणीतरी थांब म्हणावं याचीच ती वाट पाहत होती.

मंगळवारी तिनं आणि नितेशनं कालवडीच्या खड्ड्याशेजारी दुसरा खड्डा खणला आणि उडवी जाळायला घेतली. भारा टाकला की शेंगा फटाफट फुटत. धुराची कडवट चव जिभेवर बसली. आठ दिवसांची कापणी, डोक्यावरून वाहिलेलं ओझं, मानेवर पडलेले वळ, सगळं दुपारपर्यंत राख झालं. शेजारच्या दोघी बघायला आल्या. एकीनं हळहळ केली. दुसरी म्हणाली, आमच्या डोळ्याला लगेच दिसलं असतं गो. तिच्या डोळ्याला दिसलं असतं हे खरं, पण तीन वर्षांत तिचेही पाय माळावर गेले नव्हते. शकूनं पुढचा भारा टाकला.

बुधवारी भावजयीचाच फोन आला. मनाली बोलकी बाई.

"ताय, तुमचं गवत काय ग्वाड लागलंय गो सगल्यांना. काडी खाली पडू देत नाय. तुमचं नाव घेतात सगली."

शकूनं फोन कानाला घट्ट धरला. तिच्या ओठांवर शब्द आला होता. सख्या कुठे आहे, असं तिनं विचारलं. धरमतरला बार्जवर कामाला गेलाय, असं मनालीनं सांगितलं. मुलांची चौकशी झाली, थंडीची झाली. फोन ठेवल्यावर शकू चुलीपाशी बसून राहिली.  आज, या घटकेला, तिकडे म्हैस खात असेल, आणि आपण थंडी किती पडलीय ते विचारलं. आपण अशा आहोत हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि ते कळणं हरणीच्या आजारापेक्षा भयंकर होतं.

गुरुवारी हरणी गेली. दोन दिवस ती गोठाभर फिरत होती, भिंतीला धडकत होती, शकूला ओळखत नव्हती. कपाळाची कातडी सोलवटून लाल झाली होती. शेवटी ती बसली, मान लांब केली आणि दुपारी चारच्या सुमाराला शकूच्या मांडीवर तोंड टाकून शांत झाली. दोन्ही म्हशी दाव्याला उभ्या राहून रवंथ करत होत्या. त्यांच्या पोटातही तेच होतं. शकूनं एकीचे डोळे पाहिले, मग दुसरीचे. पांढरे होते, पण कालवडीचेही महिनाभर पांढरेच होते.

शुक्रवारी सकाळी तिनं लुगडं बदललं. महिपतीनं कुठे म्हणून विचारलं नाही. "तपासणी अजून आली नाय," एवढंच तो म्हणाला.

"हरणी आली ना तपासणी घिऊन," शकू म्हणाली आणि स्टेशनची वाट धरली.

रोह्याहून गाडीनं ती पेणला उतरली, तिथून मिनीडोर रिक्षात सात जणांत अंग चोरून बसली. वाटभर तिनं वाक्य जुळवलं. गवताला बुरशी आली होती म्हणावं का? टेम्पोवाल्यानं दुसऱ्याचं गवत मिसळलं म्हणावं का? खोटं बोलायला माणसाला इतक्या वाटा सुचतात आणि खरं बोलायला एकच असते, तीही काट्याची. खाडीचा खारट वास नाकात आला तेव्हा ती सगळं जुळवलेलं विसरली.

सख्या घरीच होता. म्हैस भेंडीच्या जुन्या, डेरेदार झाडाखाली बांधलेली. शकू पायही न धुता आधी तिच्याकडे गेली. डोळे पांढरे, अंग तुकतुकीत, नाकपुड्या ओल्या. तिला रडू येईल असं वाटलं. मग तिनं आजूबाजूला पाहिलं. भिंतीशी एकच भारा उभा होता, तोही अर्धा सोडलेला.

"वीस भारे सपले?" तिनं विचारलं. एका म्हशीनं महिन्यात वीस भारे खाल्ले असतील तर संपलंच सगळं.

मनाली हसली. "आमी एकट्यांनी खानार काय, ताय? लेकीच्या घरचं ते. वाटलं आलीत."

तेव्हा शकूच्या ध्यानात आलं. खारेपाटात दिल्या घरच्या लेकीकडून काही आलं की ते एकट्यानं खायचं नाही, आळीत घरटी वाटायचं, ही रीत. लाडू आले तर लाडू, फणस आला तर गरे. शकूनंच लहानपणी दुसऱ्यांच्या बहिणींचे अनारसे घरोघर नेऊन दिले होते. पण गवत कोण वाटतं?

"लेकीकडचं ते लेकीकडचं," सख्या म्हणाला. त्याच्या आवाजात अभिमान होता. "कोनाकडं पेंढा उरला व्हता? सोला घरांत येक येक भारा दिला. चार आपल्याला ठेवलं. आख्खी आली तुला दुवा देते, शकूताय."

शकू अंगणात खालीच बसली. सोळा घरं. कोणाची गाय, कोणाची म्हैस, कोणाच्या शेळ्या. ती तांब्याभर पाणी प्यायली आणि तिनं सगळं सांगितलं. कालवड, भिंत, शेंगा, मांडीवर मेलेली हरणी. पाडव्यापर्यंतची धाकधूक. दूध पोरांना देऊ नका. ते झाड आपण चुकून नाही, खुराक म्हणून मुद्दाम वेचून घातलं, हेही तिनं लपवलं नाही. मनालीनं तोंडावर हात ठेवला आणि ती म्हशीजवळ जाऊन उभी राहिली.

सख्यानं उरलेल्या भाऱ्याकडे पाहिलं.

"कवा कललं तुला?"

"सोमवारी."

"आज शुक्रवार हाय."

"व्हय."

"बुधवारी हिच्याशी बोललीस तू."

"व्हय. तवा मला ठावं व्हतं."

सख्यानं मान फिरवली. त्यानं शिवी दिली असती, हात उगारला असता, तर शकूला बरं वाटलं असतं. तो उठला, अर्धा भारा उचलून त्यानं दाराबाहेर टाकला आणि कोपऱ्यातलं एक रिकामं पोतं झटकलं.

"तू घरात बस," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "मी सांगून येतो आलीत. कायतरी सांगतो."

"तू माझं नाव सांगून वाटलंस ना रं," शकू म्हणाली. "मग हेपण माझ्या तोंडानं जाऊ दे."

दोघं आळीत उतरली. उन्हं चढली होती, खाडीवरून वारा येत होता. वाटेत शकूच्या मनात एक गोष्ट आली आणि ती तिनं घट्ट धरून ठेवली: एकाच म्हशीनं वीस भारे खाल्ले असते तर ती वाचली नसती, आता सोळा घरांत थोडं थोडं गेलंय. थोड्यानं कदाचित काही होणार नाही. किती म्हणजे थोडं, ते मात्र डॉक्टरणीलाही सांगता आलं नव्हतं. रीतीनं तारलं की मारलं, हे पाडव्याशिवाय कळणार नव्हतं.

पहिलं घर सीताबाईचं. सत्तरीची विधवा, घरात ती आणि एक शेळी. शकूला तिनं अंगाखांद्यावर खेळवलेलं. शकूला बघितल्यावर म्हातारीचा चेहरा फुलला. तिनं बसायला टाकलं, आत गेली आणि कुंकवाचा करंडा, तांदूळ, नारळ असं ताटात घेऊन आली. ओटी भरल्याशिवाय माहेरवाशीण परत जाऊ द्यायची नाही, स्वतःला कुंकू नसलं म्हणून काय झालं, शेजारच्या पोरीला हाक मारून लावायला सांगते, असं ती बडबडत होती.

"पदर पसर गो शकू. माझ्या शेलीला जगवलंस तू. गाभन हाय ती. काय खायाला व्हतं सांग तिला? कागदं चगलीत व्हती."

शकूनं पदर पसरला नाही. तिनं दोन्ही हात मागे घेतले.

"काकी, आधी आयका. ते गवत इखारी व्हतं. मला वलखता आलं नाय. मीच कापलं, मीच धाडलं. आनि कलल्यावर चार दिस गप बसलू."

सीताबाई ताट घेऊन तशीच उभी राहिली. तिला पहिल्यांदा कळलं नाही. सख्यानं तिला पुन्हा, सावकाश सांगितलं. मग तिनं ताट खाली ठेवलं, शेळीजवळ गेली आणि तिच्या फुगलेल्या पोटावर हात ठेवून बसली. शेळी निवांत रवंथ करत होती.

"अर्धा भारा खाल्ला तिनं," म्हातारी म्हणाली. "मरंल काय गो?"

"ठावं नाय, काकी."

उरलेला अर्धा भारा सख्यानं पोत्यात कोंबला. खाली सांडलेल्या शेंगा शकूनं उकिडवं बसून एक एक वेचल्या, भेगांत अडकलेल्या बियासुद्धा नखांनी काढल्या. म्हातारी तिच्याकडे बघत होती. ताटातला नारळ तसाच राहिला.

दोघं बाहेर पडली. पंधरा घरं उरली होती. पुढचं घर नाथाचं. त्याच्या बायकोला शकू आल्याचं आधीच कळलं होतं. ती पायावर घालायला पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती, आणि लांबूनच हसत होती.